अलमट्टीचा परिच्छेद

कोल्हापूर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा कोल्हापूरच्या पुरावरचा निबंध दोनदा वाचला. काल तू आलीस तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र. आयईएल्टीएसमध्ये, म्हणजे परदेशी शिकायला जाण्याआधीच्या त्या इंग्रजीच्या परीक्षेत, साडेसात बँड मिळाले म्हणून तुझे बाबा पेढे घेऊन आले होते, तेव्हा मलाही फार आनंद झाला. पण सप्टेंबरमध्ये तू परदेशातल्या ज्या वर्गात बसणार आहेस तिथलं इंग्रजी निराळं आहे. ते तुला इथून निघण्याआधी कळावं, म्हणून मी हट्टानं हा निबंध लिहायला लावला.

परीक्षेत तू चाळीस मिनिटांत २५० शब्द लिहिलेस. मत मांडलंस, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण दिलंस, तेवढ्यावर भागलं. मत आलं कुठून, हे तिथे कुणी विचारत नाही. एमएस्सीला दोन-तीन हजार शब्दांचा निबंध असेल आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यापाशी थांबून वाचणारा विचारेल: हे कोण म्हणतं? आणि तू किती खात्रीनं म्हणतेस? व्याकरण आणि उच्चार यांची पाळी त्यानंतर.

तुझ्या दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य घे. ‘अलमट्टी डॅम इज द मेन कॉज ऑफ फ्लड्स इन कोल्हापूर.’ कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या त्या धरणाबद्दलचं हे वाक्य कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर म्हण, चारजण माना डोलावतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, तुमच्या घरातलं सामान माळ्यावर चढवायला मीही आले होते. त्या चिखलाचा वास मला अजून आठवतो. तुझा राग मला कळतो. पण नदीच्या पुरावर पदवी घ्यायला निघालेल्या मुलीनं हे वाक्य असं लिहून चालणार नाही, कारण अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा, वाटा किती, पंचगंगेच्या पाणलोटातल्या पावसाचा किती आणि पूररेषेतल्या बांधकामांचा किती, यावर जाणकारांचं एकमत नाही. तू त्या वादात न शिरताच निकाल देऊन टाकलास.

आपल्याकडे असं ठासून बोलायची सवय आहे. ‘विषय हार्ड’ म्हटलं की विषय संपला. मला ही बोली मनापासून आवडते, पण तिथल्या निबंधात वाक्याला खात्रीचं माप लावावं लागतं. ही गोष्ट तुला नवी वाटेल, पण ती तुझ्या आजीला येते. पुराच्या दिवसांत ती ओट्यावर बसून काय म्हणायची आठव. ‘पाणी पायरीला लागलं.’ हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. ‘वरच्या अंगाला लई पाऊस झाला असावा.’ हा तिचा अंदाज, पाण्याचा रंग आणि वेग बघून बांधलेला. ‘धरणाचे दरवाजे उघडले म्हणे.’ हे तिनं कुणाकडून तरी ऐकलेलं. पाहिलेलं, ताडलेलं आणि ऐकलेलं ती एका क्रियापदात वेगळं करते. इंग्रजीत ‘असावा’साठी ‘मे हॅव’, ‘इज लाइकली टू’, ‘अपिअर्स टू’ आहेत. ‘म्हणे’साठी मात्र एका शब्दावर भागत नाही, तिथे कोण म्हणे आणि कोणत्या साली म्हणे हेही लिहावं लागतं. संदर्भ देणं म्हणतात ते एवढंच, आजीच्या ‘म्हणे’ला नाव आणि साल जोडायचं.

आता म्हणून सगळ्याच वाक्यांत ‘मे’ पेरत सुटू नकोस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे ठरलेले आकडे आहेत. तिथे कचरायचं काही कारण नाही. उलट तू जिथे ‘वॉटर लेव्हल वॉज व्हेरी हाय’ लिहिलं आहेस, तिथे ती पातळी फूट-इंचांत, तारखेसकट आणि कुणी नोंदवली त्यासकट यायला हवी. खात्री आहे तिथे आकडा, नाही तिथे ‘असावा’.

तुझ्या तिसऱ्या परिच्छेदाबद्दल लिहिणं मला जड जातंय, पण लिहिते. बाकी निबंधात तुझी वाक्यं आठ-दहा शब्दांची आहेत आणि तिथे एकदम चाळीस शब्दांचं, बरोबर जागी अर्धविराम पडलेलं वाक्य येतं. तू एका लेखातून घेऊन ‘सिग्निफिकंट’चं ‘इम्पॉर्टंट’ केलंस, ‘शोज’चं ‘इंडिकेट्स’ केलंस. तुला यात लबाडी वाटली नाही, हे मला माहीत आहे. दहावीला गाइडमधलं उत्तर शब्दन्‌शब्द उतरवलं की पैकीच्या पैकी मार्क मिळायचे. आम्हीच दिले ते. पण तिथे याला वाङ्मयचौर्य म्हणतात. शेवटी ग्रंथसूचीत लेखाचं नाव टाकलं तरी ते सुटत नाही, आणि जुळणी दाखवणारं सॉफ्टवेअर अशा ओळी रंगवून प्राध्यापकांपुढे ठेवतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याच एका विद्यार्थ्याची पहिल्याच सत्रात अशी चौकशी झाली. त्यानं मला मध्यरात्री फोन केला. घाबरून रडत होता, ‘मॅडम, मी पुस्तकाचं नाव लिहिलं होतं की’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याची चांगल्या बँडची तयारी मी करून घेतली होती, ही एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. ती चूक माझी होती. तेव्हापासून परदेशी निघालेलं कुणीही माझ्याकडे आलं की आधी हेच शिकवते.

त्यावरचा उपाय तुला घरातच सापडेल. लेखाचा एक भाग वाच, लॅपटॉप मिटव आणि तो मजकूर आजीला मराठीत सांग. तिला कळेपर्यंत सांग. जिथे अडखळशील तिथे तुलाच तो कळलेला नाही, परत वाच. मग मूळ लेख न उघडता इंग्रजीत लिही. त्यानंतर उघडून अर्थ बदलला नाही ना ते ताडून पाहा, आणि लेखकाचं आडनाव व साल घाल. शब्द तुझे असले तरी आडनाव घालायचंच, कारण विचार त्यांचा आहे. यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याचे नियम विद्यापीठागणिक, कधी विषयागणिकही बदलतात. पहिल्या आठवड्यातच विचारून घे.

तू काल विचारलंस, ‘एवढ्या मोठ्या संशोधकाशी मी असहमत कशी होऊ?’ शाहू महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनच्या शिक्षणाला मदत केली, हे तुला ठाऊक आहे. १९२० मध्ये बाबासाहेब अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आला, त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. त्यात कॅनन सरळ लिहितात की आपल्याला यातले बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत. आणि तरीही त्या मांडणीतल्या ताजेपणाचं कौतुक करतात. विद्यार्थ्यानं गुरूपेक्षा वेगळं मत पुराव्यानिशी मांडलं आणि गुरूनं त्याला प्रस्तावना दिली. तुला ज्या वर्गात जायचंय तिथली ही रीत आहे. समोरच्याचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल इतकं नीट मांडायचं आणि मग आपल्याला ते कुठे अपुरं वाटतं ते सांगायचं. आदर ठेवून हे करता येतं.

शब्दांचं म्हणशील तर ‘रेलचेल’ या अर्थाचा ‘प्लेथोरा’ तीनदा आलाय, तो काढ. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. ती पाठ करत बसू नकोस, पण रोज पाच शब्द घेऊन ते तुझ्या विषयाच्या लेखात कुणाच्या शेजारी बसतात ते वहीत उतरव. एकटा शब्द लिहिताना कामाला येत नाही.

व्याख्यानं पहिले काही आठवडे डोक्यावरून जातील. तुझं इंग्रजी कमी पडतं म्हणून नव्हे, कानाला ते उच्चार नवे असतात म्हणून. स्लाइड आदल्या दिवशी वाचून जा. चर्चेच्या तासाला घरूनच एक प्रश्न लिहून ने आणि पहिल्या दहा मिनिटांत विचार. एकदा गप्प बसायची सवय लागली की मोडत नाही. प्राध्यापकांना भेटीची वेळ ठरवून दिलेली असते, त्या वेळेत भेटायला जाण्यात संकोच करू नकोस, ती तुमच्यासाठीच असते.

रविवारी सकाळी दहाला ये. अलमट्टीचा परिच्छेद नव्यानं लिहून आण. तीन संदर्भ हवेत आणि त्यातला किमान एक तुझ्या मताच्या विरुद्ध जाणारा हवा. आजीलाही घेऊन ये, मला तिच्याकडून पुराच्या खुणा लिहून घ्यायच्या आहेत.

तुझ्या मॅडम