‘वाईट नाही’ म्हणणारा नायक

प्रश्न : माझ्या कादंबरीचा नायक बर्गनजवळच्या जलविद्युत केंद्रातला पन्नाशीचा नॉर्वेजियन इंजिनिअर आहे. स्वभावाने नम्र, मितभाषी. पण हस्तलिखित वाचून दोघींनी एकच सांगितलं, ‘हा माणूस तुसडा वाटतो.’ काय चुकलं असेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा तुम्ही त्याचं बोलणं काढून घेतलंत आणि त्या जागी काहीच ठेवलं नाहीत. मराठी वाचकाला गप्प माणूस एक तर घुमा वाटतो, नाहीतर शिष्ट. नॉर्वेजियन माणूस बोलतो, मतंही देतो. फक्त स्वतःच्या कर्तृत्वाबद्दल बोलायची वेळ आली की तो वाक्याची दिशा बदलतो. हे वळण पानावर दिसलं पाहिजे.

आधी हस्तलिखितातले ‘नम्र’, ‘साधा’, ‘भिडस्त’ हे शब्द शोधून सगळे काढा. मग प्रत्येक ठिकाणी त्याला कौतुकाला तोंड द्यायला लावा. समजा, रात्रभर खपून त्याने बंद पडलेलं टर्बाइन सुरू केलं. सकाळी वरिष्ठ येऊन म्हणतो, ‘वाईट नाही.’ नॉर्वेत ‘इक्के वेश्ट’ ही चांगली घसघशीत शाबासकी आहे. नायक म्हणतो, ‘बेअरिंग हाताशी होतं म्हणून जमलं. कॉफी आहे का?’ श्रेय बेअरिंगला, आणि विषय कॉफीवर. पण त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललंय ते मात्र भरपूर लिहा: त्याला अभिमान वाटतोय, वरिष्ठाने हे चारचौघांत म्हणावं असंही वाटतंय. तोंडून सात-आठ शब्द आणि मनात अर्धं पान, असं प्रमाण ठेवलंत की तुसडेपणा जातो.

कादंबरी प्रथमपुरुषी असेल तर अडचण वाढते, कारण ‘मी किती साधा’ हे त्याला सांगताच येत नाही. तिथे त्याला प्रसंग गाळू द्या. तो एवढंच सांगेल, ‘त्या दिवशी घरी यायला उशीर झाला.’ उशीर का झाला, कुणाला वाचवायला तो थांबला होता, हे दोन-तीन प्रकरणांनंतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू द्या.

आता त्याच्यावर नजर ठेवणारी माणसं आणा, कारण हा नम्रपणा एकट्याने पाळायचा नाहीच. सगळ्यात सोयीचा प्रसंग म्हणजे ‘दुग्नाड’, शेजाऱ्यांचं श्रमदान. वसंतात, साधारण 17 मेच्या राष्ट्रीय दिनाआधी, सोसायटीतले लोक जमून आवारातली पानं गोळा करतात, कुंपण रंगवतात. डॉक्टर असो की ड्रायव्हर, हातात तोच खराटा. इथे कोण आलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि कोण फारच पुढे-पुढे करतंय हेही.

छोट्या वस्तूंनीही मोठं काम होतं. दुपारचा डबा म्हणजे ‘मातपाक्के’: ब्रेडच्या स्लाइस, त्यावर तपकिरी चीज, मधे पातळ कागदाचे तुकडे. चीज कापायला खास सुरी असते, ‘ओस्तेहेवेल’. ती चिजावर ओढली की पातळ पापुद्रा सुटतो. एकाच जागी ओढत राहिलं की चिजात खळगा पडतो. त्याला तिथे स्कीची उतरण म्हणतात आणि ती करणाऱ्याला घरात बोलणी बसतात. तुमच्या नायकाने दुसऱ्याने केलेली उतरण न बोलता, दोन्ही टोकांकडून कापत सपाट करावी. या एका प्रसंगासाठी अर्धं पान खर्च करा, वाया जाणार नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं: त्याला हाव आणि मत्सर द्या. नॉर्वेत कुणाचंही करपात्र उत्पन्न आणि भरलेला कर ऑनलाइन पाहता येतो. मात्र 2014 पासून तुमची माहिती कुणी पाहिली हे तुम्हालाही कळतं. जुन्या मित्राचं उत्पन्न पाहायचा मोह नायकाला होतो, तो लॉग-इन करतो, नाव टाइप करतो आणि थांबतो. पुढची तीन प्रकरणं या थांबण्यातून निघू शकतात.

प्रश्न : स्वतःला इतरांपेक्षा मोठं समजू नये असं सांगणारा ‘यांते’चा कायदा खरोखर कुठे लिहिलेला आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कायद्याच्या पुस्तकात नाही, कादंबरीत आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि नॉर्वेत स्थायिक झालेल्या आक्सेल सान्देमोसे यांच्या 1933 च्या कादंबरीत यांते नावाचं काल्पनिक गाव आहे आणि त्या गावचे दहा नियम. पहिल्याचा आशय, तू कोणी विशेष आहेस असं समजू नकोस. लेखकाला या नियमांचं कौतुक नव्हतं. माणसाचा गळा कसा आवळला जातो हे त्याला दाखवायचं होतं. म्हणून पात्राच्या तोंडी हे नियम सुविचारासारखे घालू नका. भाषांतरात एक खाच आहे. नियमांमध्ये ‘आमच्यापेक्षा शहाणा समजू नकोस’ अशा अर्थाचा ‘आम्ही’ येतो. नॉर्वेजियनमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना एकच शब्द. इथे ‘आपण’ वापरलंत तर नियमातली धमकीच निघून जाते, कारण ऐकणारा त्या ‘आम्ही’त नाही. उलट नायक सहकाऱ्याला श्रेय देताना ‘आपण केलं’ म्हणेल.

प्रश्न : नॉर्वेजियन पात्रांनी एकमेकांना ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’? – एक वाचक, पणजी

उत्तर : ‘तू’, आणि पहिलं नाव, शिक्षकांना आणि साहेबांनाही. आदरार्थी ‘दे’ 1970 च्या दशकापासून रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं. मराठी नम्रता वडीलधाऱ्यांपुढे वाकते. ही नम्रता बरोबरीची आहे, आणि ‘तुम्ही’ घातलंत की संवादात उतरंड शिरते. पहिल्या प्रकरणात शाळकरी मुलगी मुख्याध्यापकांना नावाने हाक मारते असा एक प्रसंग ठेवा, म्हणजे पुढचा ‘तू’ कुणाला उद्धट वाटणार नाही. सौम्यपणा क्रियापदात आणा: ‘ते दार लाव’ ऐवजी ‘ते दार लावशील का?’ ‘कृपया’ मात्र कुठेच नको; त्यांच्या भाषेत त्यासाठी एक ठरलेला शब्द नाही. तिथे आभार भरपूर मानतात. जेवण झालं की ‘ताक फॉर मातेन’, जेवणाबद्दल धन्यवाद, हे घरातली मुलंसुद्धा म्हणतात. नायकालाही रोज म्हणू द्या, आणि ज्या दिवशी तो ते न म्हणता ताटावरून उठेल त्या दिवशी काय बिनसलंय हे वेगळं लिहावं लागणार नाही.