बाबा म्हणाले, ‘उन्हानं घोळणा फुटला’

डब्लिनहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. बाबा ६८ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या खेड्यात आईसोबत राहतात. दिवाळीनंतर हार्ट अटॅक आला, नागपुरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला. तेव्हापासून ‘रक्त पातळ करायची’, अ‍ॅस्पिरिन असलेली जोडगोळी चालू आहे. परवाच्या व्हिडिओ कॉलवर तिला त्यांच्या हातावर काळेनिळे डाग दिसले. नाकातून दोनदा रक्त आलं, हे आईनं मागाहून हळूच सांगितलं. बाबांचं उत्तर ठरलेलं: “उन्हानं घोळणा फुटला. तू कायले घाबरून राहिली?” तिनं नेटवर वाचलं की आता वयस्कर माणसांना अ‍ॅस्पिरिन देत नाहीत. विचारते, गोळी बंद करायला सांगू का?

शेवटचं आधी सांगतो. नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवससुद्धा नाही.

तुम्ही वाचलं ते खोटं नाही, पण ते तुमच्या बाबांसाठी लिहिलेलं नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं की साठी गाठलेल्या, हृदयविकार ज्यांना झालेला नाही अशांनी निव्वळ खबरदारी म्हणून अ‍ॅस्पिरिन नव्यानं सुरू करू नये. ‘ज्यांना झालेला नाही’ हे तीन शब्द फॉरवर्ड होता होता गळून पडतात. बाबांच्या धमनीत जाळी आहे. ती नवी असताना गोळी अचानक सोडली तर जाळीतच गुठळी धरू शकते आणि रक्तवाहिनी बंद होते. नाकातून रक्त येणं त्रासाचं आहे, दुसरा अटॅक जिवावरचा. पुढचं सगळं हा हिशेब धरूनच वाचा.

मी तालुक्याच्या गावी तीस वर्षं मेडिकल चालवलं. ‘रक्त पातळ’ हा शब्द आम्ही दुकानदारांनीच रुळवला. खरं तर रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. जोडगोळीत सहसा ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल असतं. दोन्ही औषधं प्लेटलेटचा हा चिकटपणा काढून घेतात, पण वेगवेगळ्या वाटांनी. काही गोळ्यांत कोलेस्टेरॉलचं तिसरं औषधही भरलेलं असतं. एकदा निकामी झालेली प्लेटलेट पुन्हा कामाला लागत नाही. शरीर नव्या तयार करतं, त्याला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून घाबरून दोन दिवस गोळी चुकवली तर डाग लगेच जात नाहीत, जोखीम मात्र वाढते. आणखी एक: शेजारच्या काकांना दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासायला सांगितलंय म्हणून बाबांनाही ती तपासणी हवी असं नाही. ती वॉरफॅरिन, अ‍ॅसिनोकुमॅरॉल ही वेगळ्या जातीची ‘रक्त पातळ’ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठी असते.

आता डाग. पऱ्हाट्या उपटताना काडी लागते, गोठ्यात बैल मान झटकतो, खाटेचा कोपरा लागतो. आधी जे कळतही नव्हतं त्याचा आता रुपयाएवढा निळा डाग उमटतो. एवढं अपेक्षित आहे. काही न लागताच मोठमोठे डाग येऊ लागले, किंवा पायांवर बारीक लाल ठिपके उठले, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

घोळण्याबाबत बाबा अगदीच चुकीचे नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा एकही गोळी न खाणाऱ्यांचाही घोळणा फुटतो. फरक एवढाच की यांचं रक्त लवकर थांबत नाही. आणि आपल्याकडची रीत काय, तर मान मागं टाकायची, डोक्यावर ओलं फडकं, नाकाशी फोडलेला कांदा. मान मागं टाकली की रक्त घशात उतरतं. आईला सांगा: बसवायचं, पुढं वाकवायचं, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दाबून दहा-पंधरा मिनिटं सोडायचा नाही. मधेच ‘थांबलं का’ म्हणून पाहायचंही नाही. वीस मिनिटांत थांबलं नाही किंवा धारच लागली तर दवाखाना.

पण मला काळजी नाकाची नाही, पोटाची वाटते. नाकातलं रक्त दिसतं तरी.

माझे सख्खे काका. स्टेंटनंतर पाच महिन्यांनी त्यांना शेताचा बांध चढताना धाप लागू लागली. घरात सगळे म्हणाले, वय झालं. एक दिवस ते दुकानात आले, काउंटरवर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. तीत कापलेल्या स्ट्रिप. आमच्याकडे लोक चार-चार गोळ्या नेतात, आम्हीही कात्रीनं तेवढाच तुकडा कापून देतो, आणि नाव असलेला भाग नेमका दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे जातो. मी तुकडे जुळवत बसलो. एका तुकड्यावर जोडगोळी, दुसऱ्यावर नुसतं अ‍ॅस्पिरिन. शहरातल्या डॉक्टरांनी एक लिहिलं, गावातल्यांनी दुसरं, काका इमानदारीनं दोन्ही खात होते. तिसरा तुकडा गुडघेदुखीवरच्या डायक्लोफेनॅकचा. तो तर माझ्याच दुकानातून गेलेला. मी विचारलं, “संडास कशी होते?” म्हणाले, “काळी होते. लोखंडाची गोळी खाल्ल्यावानी.” लोखंडाची गोळी ते खात नव्हते. हिमोग्लोबिन सहावर आलेलं निघालं, आठ दिवस भरती राहावं लागलं.

म्हणून फोनवर ‘तब्येत कशी आहे’ विचारू नका. त्याचं उत्तर “मस्त” असंच येतं. सरळ विचारा, संडास डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होते का? बाबा पहाटे अंधारात जात असतील तर टॉर्च मारून पाहायला सांगा. मुलीनं बापाला हे कसं विचारावं असं वाटत असेल तर आईला विचारायला लावा. रक्तवाढीच्या गोळीनंही रंग काळा होतो, तेव्हा ती चालू आहे का हेही विचारा. ती चालू नसेल आणि संडास डांबरासारखी असेल तर ते जठरातलं रक्त समजायचं. त्याच दिवशी दवाखाना, सोमवारची वाट पाहायची नाही. लघवी लाल होणं, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही येणं, याला तोच नियम. आणि काकांसारखी हळूहळू वाढणारी धाप, पांढरी पडलेली नखं दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

जोडगोळी एकटी असते तेव्हा बहुतेकांना निभते. बिघडतं ते तिच्यासोबत पोटात जाणाऱ्या गोष्टींमुळे. पहिली गोष्ट दुखण्यावरची गोळी आणि सुई. कंबर धरली की गावात कमरेत सुई टोचून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही. ती बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकची असते. एकतर ती जठराला झोंबते, शिवाय स्नायूत टोचल्या जागी आत रक्त साचून मोठी गाठ येऊ शकते. बाबांनी सुईआधीच सांगायचं: “मले हार्टची गोळी चालू हाये.” साध्या दुखण्याला, तापाला पॅरासिटामॉल पुरतं. डेंग्यूच्या दिवसांत तर तापावर दुसरं काही घेऊच नये, आणि ताप आला की जोडगोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारावं, कारण डेंग्यूत प्लेटलेट मुळातच घसरतात.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः बॅगेत घालून आणता. रागावू नका, माझाही मुलगा बाहेरच आहे आणि त्यानंही आणली होती: दुखण्यावरच्या इबुप्रोफेनची मोठी बाटली, फिश ऑइलच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या. “बाहेरची आहे, चांगली असते” म्हणून ती बाटली घरभर फिरते. इबुप्रोफेन रक्तस्राव वाढवतं आणि वर अ‍ॅस्पिरिनच्या कामातही आडवं येतं. लसूण भाजीत खाल्ला तर बिघडत नाही. त्याच्या गोळ्या आणि फिश ऑइल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पुढच्या खेपेला त्याऐवजी चांगला टॉर्च आणा.

तिसरी, गॅसची गोळी. जठर सांभाळायला ती डॉक्टर मुद्दाम देतात आणि ती हवीच. पण ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यकृतात क्लोपिडोग्रेलच्या वाटेत येतात, त्यामुळे त्याचा असर कमी होतो. पँटोप्राझोल त्यापेक्षा बरं. स्ट्रिपवर काय लिहिलंय ते पाहा आणि दुसरं निघालं तर डॉक्टरांकडून बदलून घ्या.

खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, तुम्ही लिहिलं नाही, पण यवतमाळकडचे बाबा आहेत म्हणून विचारतो. हिरड्यांतून रक्त येतंय हे खर्रा खाणाऱ्याला कळतच नाही, थुंकी आधीच लाल. आणि हृदयाला जाळी बसल्यावर तंबाखू चालूच ठेवायची असेल तर मग एवढ्या गोळ्या कशाला खायच्या, असं मी गिऱ्हाईकांना तोंडावर विचारत असे. गिऱ्हाईकं कमी झाली नाहीत, खर्राही नाही.

दात काढायचा असेल तर गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. पुष्कळदा गोळी चालू ठेवूनच दात काढता येतो. ते दंतवैद्यानं हार्टच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

उलट बाजूही आहे. अटॅकनंतर दोन्ही औषधं साधारण वर्षभर देतात, मग बहुतेकांना एकच पुढं चालू राहतं. नेमकं किती दिवस, ते हार्टचे डॉक्टर माणूस पाहून ठरवतात. आमच्या भागात मात्र इस्पितळातून सुट्टी होताना मिळालेली चिठ्ठी पाच-पाच वर्षं चालते. मेडिकलवाला देतो, आणि यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, तेव्हा कोण जातं विचारायला? तुमच्या बाबांचं वर्ष येत्या दिवाळीच्या मागंपुढं भरेल. ती भेट आत्ताच ठरवा. त्या वेळी भारतात येणार असाल तर सोबत जा आणि एकच प्रश्न विचारा: दोन्ही अजून लागतात का?

दोन प्रसंगांत मात्र पहाटेचे तीन असले तरी थांबायचं नाही. गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला, वरून जखम नसली तरी. बरे दिसले तरी सीटी स्कॅन असलेलं इस्पितळ गाठायचं. डोकं ठणकणं, उलटी, बोलणं जड होणं, एका बाजूची ताकद जाणं, यांतलं काही दिसलं तर एक मिनिटही दवडायचं नाही. १०८ ला फोन करून ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. दुसरा प्रसंग पेरणीच्या दिवसांतला: सापाचा. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडतं. इस्पितळात गेल्या गेल्या गोळीचं सांगायला हवं, आणि तेव्हा बाबा सांगण्याच्या स्थितीत असतीलच असं नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डाचा आणि गोळ्यांच्या नावांचा फोटो आईच्या फोनमध्येही हवा आणि शेजारच्या मुलाच्या फोनमध्येही.

या रविवारी डब्लिनमध्ये सकाळचे अकरा वाजले की तिकडे दुपारचे साडेतीन असतील, बाबा झोपून उठलेले असतील. आईला कॅमेरा बाबांवरून काढून गोळ्यांच्या डब्याकडे वळवायला सांगा. पुतण्या वगैरे कोणी घरात असेल तर एकेक तुकडा उजेडात धरून नाव वाचायला लावा. अ‍ॅस्पिरिन दोनदा ऐकू आलं तर फोन चालू असतानाच दोन्हींचे फोटो मागवा आणि त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरांना पाठवा, कुठली काढायची ते तेच सांगतील. जोडगोळी मात्र डब्यातही राहू द्या आणि रोज चालूही.