नाचणीची कमी तुपाची बिस्किटं: पहिल्या घाण्याआधी एवढं वाचा

तूप कमी करायचं म्हणून अजिबात वगळू नका, नव्याने करणारे बहुतेकजण इथेच फसतात. बिस्किटाला खुसखुशीतपणा तुपामुळेच येतो. ते काढलंत की हातात कडक चकत्या येतात. सुरुवातीला हे प्रमाण घ्या:

- 1 वाटी कणीक, अर्धी वाटी नाचणीचं पीठ
- अर्धी वाटी गुळाची पावडर
- 3 टेबलस्पून तूप
- अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची
- लागेल तसं गार दूध

तूप पिठाला नीट चोळा. मग दूध चमच्याचमच्याने घाला आणि गोळा जमला की हात थांबवा. पोळीच्या कणकेसारखं मळत बसलात तर गव्हातलं ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) ताणलं जातं आणि बिस्किट चिवट होतं. कमी तुपात हे फारच जाणवतं.

गोळा लाटून पोळी सगळीकडे सारखी, साधारण 5 मिलिमीटर जाड ठेवा आणि बिस्किटं कापा. वर काट्याने टोचे मारा. ओव्हन आधी 10 मिनिटं तापवून 170 अंश सेल्सिअसवर 15 ते 18 मिनिटं भाजा.

नाचणीचा रंग मुळातच गडद, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. एक बिस्किट उलटून पाहा: कडा घट्ट, खालची बाजू कोरडी, मधे बोट दाबलं तर किंचित मऊ. तेवढ्यावर बाहेर काढा, जाळीवर गार होताना कुरकुरीत होतात. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवलीत तर दात लागणार नाहीत!

ओट्स, खजूर, बिनसाखरेचे प्रकार नंतर बघू. आधी हाच घाणा दोनतीनदा करा, नक्की जमेल.