आरशाचा मुखवटा आणि खराखुरा विदोक

तुमचा प्रश्न असा आहे: "'विदोक' हा फ्रेंच चित्रपट पाहावा का? आणि त्यातला गुप्तहेर खरंच होऊन गेला का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी चित्रपट आधी पाहिला आणि माणसाबद्दल नंतर वाचलं, त्यामुळे पहिल्या वेळी अर्धी मजा हुकली. तुमची हुकू नये.

तर, होऊन गेला. ऑजेन फ्रांस्वा विदोक, जन्म १७७५, उत्तर फ्रान्समधलं आरास हे गाव, वडिलांचा पावाचा धंदा. पोरवयातच घरच्या पैशांवर हात मारून पळाला. मग सैन्य, मारामाऱ्या, खोट्या कागदपत्रांचं प्रकरण आणि सक्तमजुरी. ब्रेस्त आणि तुलाँ इथं बेड्या ठोकलेल्या कैद्यांचे तळ होते. या दोन्ही ठिकाणांहून तो निसटला आणि पुन्हा पकडलाही गेला. १८०९ मध्ये तुरुंगात असतानाच तो पोलिसांचा खबऱ्या झाला आणि तीनेक वर्षांत पॅरिसमधल्या गुन्हे शोधणाऱ्या पथकाचा प्रमुख! हाताखाली घेतलेली माणसंही पुष्कळशी शिक्षा भोगून आलेलीच. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे त्यानं सरकारी कामात उतरवून दाखवलं. वेषांतरात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फ्रेंच कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगोनं 'ले मिझेराब्ल'चा नायक ज्याँ वाल्ज्याँ रंगवताना आणि बाल्झाकनं आपल्या कादंबऱ्यांतला गुन्हेगार वोत्रँ रंगवताना याच माणसाकडून उचललं आहे.

आता चित्रपट. २००१ चा, दिग्दर्शक पितोफ, विदोकच्या भूमिकेत जेरार देपार्दिये. काळ जुलै १८३०. दहावा चार्ल्स राजानं वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारे हुकूम काढले आणि २७ ते २९ जुलै असे तीन दिवस पॅरिसकर रस्त्यांत अडथळे रचून लढले, तो महिना. शहर असं पेटायच्या बेतात असताना प्रतिष्ठित माणसं वीज पडून जळून मरताहेत. विदोक शोध घेत एका काच कारखान्यापर्यंत पोहोचतो. तिथं त्याची गाठ पडते झगा घातलेल्या एका आकृतीशी, जिच्या तोंडावर आरशाचा मुखवटा आहे. झटापटीत विदोक भट्टीच्या कडेला लोंबकळतो, "मरण्याआधी चेहरा तरी दाखव" म्हणतो, मुखवटा निघतो आणि विदोक आगीत पडतो. आपल्याला तो चेहरा दिसत नाही. ही सगळी सुरुवात आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही. पुढं एक तरुण लेखक येतो. विदोकनं आपल्याला चरित्र लिहायला नेमलं होतं, आता त्याचा खुनी मी शोधणार, असं म्हणत तो एकेका साक्षीदाराला गाठत जातो.

इथं इतिहास माहीत असल्याचा उपयोग होतो. खरा विदोक १८२७ मध्ये पोलिसांतून बाहेर पडला होता आणि पॅरिसजवळ सँ-मांदेला सुटलेल्या कैद्यांना कामावर ठेवून कागदाचा कारखाना चालवत होता. खासगी गुप्तहेरीची कचेरी त्यानं काढली १८३३ मध्ये. चित्रपटानं ती तीन वर्षं मागे, १८३० मध्ये ओढली आहे. मला ही चूक वाटत नाही, कारण त्या बदल्यात जुलैचे ते दिवस कथेत आले. आणि चरित्रलेखकाची कल्पना तर अगदी मुळावरच बोट ठेवते: खऱ्या विदोकच्या आठवणी १८२८ पासून छापून आल्या, त्यात दुसऱ्यांच्या लेखण्या फिरल्या होत्या आणि मीठमसाला भरपूर होता. या माणसाची गोष्ट नेमकं कोण सांगतंय, हा प्रश्न त्याच्या हयातीतच उभा राहिला होता. चित्रपट पाहताना हा प्रश्न मनात जागा ठेवा, याहून जास्त बोलत नाही.

दिसण्याबद्दल मतं टोकाची आहेत. पितोफ मूळचा स्पेशल इफेक्ट्सवाला, आणि संपूर्णपणे हाय-डेफिनिशन डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित होऊन पडद्यावर आलेल्या पहिल्या मोठ्या चित्रपटांत याचं नाव घेतलं जातं. कॅमेरा चेहऱ्याला इतका भिडतो की घामाचे थेंब आणि दातांच्या फटी मोजाव्यात. आकाश तांबूस, रंगवलेलं. मागचं शहर बरंचसं संगणकावर उभं केलेलं. पुष्कळांना हे कृत्रिम वाटतं आणि पहिल्यांदा मलाही ते खुपलं होतं. पण १८३० चं पॅरिस आज कुठं जाऊन चित्रित करणार? १८५३ नंतर शहराची फेररचना करणाऱ्या ओस्मान या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत त्या बोळांच्या जागी रुंद, सरळ रस्ते आले. आणि मुखवटा आरशाचा असताना चेहरे इतक्या जवळून दाखवणं मला आता फार योग्य वाटतं. समोरचा मरतो तेव्हा त्याला खुन्याऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं, ही कल्पना मी कितीतरी दिवस डोक्यातून काढू शकलो नाही.

उणं काय, तर मधला भाग. साक्षीदार, मग त्याची आठवण, मग पुढचा साक्षीदार, हा क्रम तीन-चारदा फिरतो आणि दम लागतो. मुखवटेवाल्याच्या किमयेचा, म्हणजे त्याच्या जादूसारख्या विद्येचा, उलगडाही घाईत उरकला आहे. इनेस सास्त्रेच्या वाट्याला आलेली नर्तकी दिसते सुंदर, पण तिला लिहिलंय फार थोडं. याउलट आंद्रे द्युसोलियेचा पोलीस अधिकारी थोडक्या प्रसंगांत लक्षात राहतो, आणि ब्रुनो कूलेचं संगीत हेडफोन लावून ऐकण्यासारखं आहे.

तेव्हा हो, जरूर पाहा. रक्त बरंच आहे, लहान मुलांना सोबत बसवू नका. डब केलेली प्रत मिळाली तरी मूळ फ्रेंच आवाज आणि खाली सबटायटल्स असंच लावा. देपार्दियेचा तो खर्जातला आवाज गेला तर विदोक अर्धाच उरतो. आणि चित्रपट संपला की लगेच बंद करू नका. तो तरुण लेखक पहिल्यांदा कचेरीत येतो, तो प्रसंग पुन्हा लावा आणि त्याचं एकेक वाक्य नीट ऐका.