दोन पॅनेल आणि खाली एक प्रॉम्प्ट: नॉर्टन कमांडर आला कसा आणि टिकला का

प्रश्न असा आहे: सर्व्हरवर मिडनाइट कमांडर (एमसी, फायली हाताळायचा कार्यक्रम) उघडला की निळ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन पॅनेल दिसतात, तळाला १ ते १० आकड्यांची ओळ असते. हे रूप आले कुठून, तळाला दहाच आकडे का, इतक्या वर्षांत ते बदलले का नाही, आणि आज ते शिकण्यात अर्थ आहे का? मी असे कार्यक्रम रोजच्या कामात फार वर्षे वापरत आलो आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. मजकुरी पडद्यावर फायलींची यादी दाखवून तिच्यातच काम करायची कल्पना नॉर्टन कमांडरने, म्हणजे ज्या जुन्या कार्यक्रमावरून हे रूप आले त्याने, काढलेली नाही. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७४च्या सुमारास स्टॅन कुगेल यांनी डायरेड लिहिला, तो याच जातीचा. डिरेक्टरी जणू एक मजकूर आहे असे धरून त्यात वर-खाली फिरायचे आणि फायलींवर खुणा करायच्या, ही त्याची रीत. इमॅक्स या मजकूर संपादकात ती आजही जिवंत आहे. पण घरोघरी पोचलेल्या संगणकांची गोष्ट सुरू होते ती मार्च १९८३मध्ये. आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि त्याच्यासोबत डॉस २.०, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी त्याची कार्यप्रणाली. डॉस १.xमध्ये उपडिरेक्टरी हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवर मोजक्या फायली, एकच यादी, संपले. आता मात्र डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी आली आणि हाती साधने मात्र तीच राहिली: यादी दाखवणारी डीआयआर, डिरेक्टरी बदलणारी सीडी, कॉपी, आणि पुसणारी डेल.

त्या साधनांची अडचण आज कळणे कठीण आहे. फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीकडे हलवायला आज्ञाच नव्हती. आधी कॉपी करायची, नीट पोचली की नाही पाहायचे, मग मूळ फाइल पुसायची. मूव्ह ही आज्ञा डॉसमध्ये आली १९९३ साली, सहाव्या आवृत्तीत. कॉपी करताना त्याच नावाची फाइल तिथे असेल तर डॉस न विचारता तिच्यावर लिहून मोकळा व्हायचा. विचारण्याची सोय ६.२मध्ये आली. आणि गंमत म्हणजे फाइल हलवण्याची ताकद डॉसच्या गाभ्यात २.०पासूनच होती. नाव बदलण्याच्या अंतर्गत सोयीला त्याच ड्राइव्हवरचा वेगळा पाथ (फाइलचा पत्ता) दिला की डेटा जागचा न हलता फक्त डिरेक्टरीतली नोंद इकडची तिकडे व्हायची. नाव बदलणाऱ्या रेन या आज्ञेने ती ताकद बाहेर दिलीच नाही. नॉर्टन कमांडरच्या एफ-६ या कळीवर ‘रेनमूव्ह’ असे जोडनाव का, याचे उत्तर इथे आहे: यंत्राच्या दृष्टीने नाव बदलणे आणि हलवणे ही दोन कामे नाहीतच.

ही पोकळी भरायला १९८४-८५मध्ये बरेच जण पुढे आले. त्यांतला सर्वांत गाजलेला एक्सट्री. जेफ्री जॉन्सन यांनी तो लिहिला आणि एक्झिक्युटिव्ह सिस्टिम्सने एप्रिल १९८५मध्ये बाजारात आणला. वर डिरेक्टऱ्यांची झाडासारखी आकृती, खाली निवडलेल्या डिरेक्टरीतल्या फायली, आणि कामे एकेका अक्षराने. सुरुवातीलाच तो सगळ्या डिस्कची यादी स्मृतीत वाचून घ्यायचा, त्यामुळे सबंध डिस्कवरच्या फायली एकाच यादीत दाखवणे त्याला सहज जमायचे. फार सुंदर कार्यक्रम होता. डिस्क साफ करायची असेल तर मी त्या काळी त्यालाच हात घातला असता.

पण एक्सट्रीत गेलात की तुम्ही एक्सट्रीचे झालात. डॉसचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची ओळ, मागे राहिला. काही टाइप करून चालवायचे तर आधी तिथून बाहेर पडा किंवा वेगळी कळ दाबून प्रॉम्प्ट मागा. नेमक्या याच ठिकाणी जॉन सोचा यांनी वेगळा निर्णय घेतला, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्या एका निर्णयातून आला आहे.

सोचा कॉर्नेल विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते. पीसीच्या अंतरंगात त्यांना चांगली गती होती. पडदा काही मिनिटे वापरला नाही तर तो काळा करणारा स्क्रनसेव्ह हा छोटा कार्यक्रम त्यांनीच लिहिला, आणि तो १९८३च्या डिसेंबरात सॉफ्टटॉक मासिकात छापून आला. १९८४मध्ये त्यांनी व्हिज्युअल डॉस नावाचे काम हाती घेतले. पुढे ते पीटर नॉर्टन यांच्या कंपनीत गेले आणि तेच काम १९८६मध्ये नॉर्टन कमांडर या नावाने बाहेर पडले. मूळ नाव लक्षात ठेवा: डॉसला पर्याय देणारे काही नव्हे, डॉसच, फक्त डोळ्यांना दिसणारा.

पडद्याच्या तळाशी डॉसचा प्रॉम्प्ट जिवंत ठेवला होता. अक्षरे टाइप केली की ती तिथेच उमटायची. बाण दाबले की पॅनेलमधला पट्टा हलायचा. पट्ट्याखालच्या फाइलचे नाव कंट्रोल-एंटरने सरळ आज्ञेच्या ओळीत यायचे. कंट्रोल-ओ दाबले की पॅनेल नाहीशी होऊन मागे आज्ञांनी छापलेला मजकूर दिसायचा. म्हणजे पॅनेल आज्ञांची जागा घेत नव्हती, आज्ञांना लागणारी नावे पुरवत होती. आणि पॅनेल दोनच का? कारण कॉपी, हलवणे, तुलना करणे या सगळ्या कामांना दोन ठिकाणे लागतात: कुठून आणि कुठे. चालू पॅनेल म्हणजे ‘कुठून’, पलीकडचे म्हणजे ‘कुठे’. एफ-५ दाबताना दुसरा पाथ टाइप करावाच लागत नाही, तो डोळ्यांसमोर उघडा असतो. झाडाच्या आकृतीत हे साधत नाही. तिथे ‘कुठे’ दर वेळी नव्याने सांगावे लागते.

आता पडद्याचे गणित बघा, मला ते अजूनही आवडते. पडदा ८० स्तंभांचा, म्हणून प्रत्येक पॅनेल ४०चे. डॉसमधले फाइलचे नाव आठ अक्षरे, एक टिंब, तीन अक्षरे, म्हणजे जास्तीत जास्त १२. पॅनेलच्या दोन कडा आणि मधल्या दोन उभ्या रेषा वजा केल्या की उरतात ३६, आणि त्यात १२चे तीन रकाने चपखल बसतात. सविस्तर यादीत नाव १२, आकारमान ९, तारीख ८, वेळ ६, मधल्या तीन रेषा आणि दोन कडा: पुन्हा बरोबर ४०. एकही स्तंभ वाया नाही. चौकटीच्या दुहेरी रेषा पीसीच्या अक्षरसंचातच होत्या, आणि पडद्यावरचे प्रत्येक अक्षर म्हणजे व्हिडिओ स्मृतीतले दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. सबंध पडदा ४,००० बाइटांत मावायचा. तो स्मृतीत थेट लिहिला की पॅनेल क्षणात उभी राहत, आणि मागचा मजकूर जपून ठेवायचा तर तेवढेच बाइट बाजूला ठेवले की झाले. कंट्रोल-ओची जादू एवढीच होती.

स्मृतीचा प्रश्न याहून अवघड होता. डॉसच्या कार्यक्रमांना ६४० किलोबाइटची मर्यादा, आणि कमांडरमधून दुसरा मोठा कार्यक्रम चालवायचा तर कमांडरने जागा अडवून कसे चालेल? तोड अशी काढली की एक लहानसा भाग स्मृतीत थांबतो, बाकी सगळा डोलारा बाहेर काढला जातो, कार्यक्रम संपला की डिस्कवरून परत येतो. पुढच्या आवृत्त्यांत तर एनसी.ईएक्सई आणि एनसीमेन.ईएक्सई अशा दोन वेगळ्या फायलीच दिसतात. हे जमले नसते तर लोकांनी कमांडर सकाळी उघडून दिवसभर तसाच ठेवला नसता.

तळाच्या ओळीत दहाच आकडे का, हेही सुरुवातीच्या प्रश्नात होते. मूळ पीसीच्या कीबोर्डवर फंक्शन कळाच दहा होत्या, डाव्या बाजूला दोन रांगांत. शेवटची कळ बाहेर पडण्याची. नंतर बारा कळांचे कीबोर्ड आले तरी एफ-१० जागचा हलला नाही.

बाकी इतिहास भरभर सांगतो. १९९०मध्ये सिमँटेकने पीटर नॉर्टन यांची कंपनी घेतली. आवृत्त्या पाचव्यापर्यंत गेल्या, फायली उघडून दाखवणारे भाग आणि जोडणीच्या सोयी वाढत गेल्या, आणि विंडोजचे दिवस आल्यावर काम थांबले. पण तोवर कल्पना मोकळी झाली होती, विशेषतः पूर्व युरोपात. युक्रेनच्या व्सेवोलोद वोल्कोव्ह यांनी वोल्कोव्ह कमांडर असेंब्ली या यंत्राजवळच्या भाषेत लिहिला. सबंध कार्यक्रम एका छोट्या .कॉम फाइलमध्ये, बूट फ्लॉपीवर सहज राहणारा. मोल्दोव्हात डॉस नॅव्हिगेटर झाला. फायली दाबून लहान करणारे आरएआर बनवणाऱ्या युजीन रोशाल यांनी १९९६मध्ये ‘फार’ (FAR) नावाचा फाइल मॅनेजर आणला, त्याचा कोड २००७मध्ये खुला झाला. स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियन गिस्लर यांचा विंडोज कमांडर १९९३चा. २००२पासून तो टोटल कमांडर म्हणून ओळखला जातो. या घराण्याला निकोलाय बेझरुकोव्ह यांनी ‘ऑर्थोडॉक्स’ फाइल मॅनेजर असे नाव दिले. त्यांत काय असावे याची त्यांची यादी वाचली तर आज्ञेची ओळ तीत आहेच.

मिडनाइट कमांडरपाशी मात्र थांबायला हवे. मिगेल दे इकाझा मेक्सिकोत असताना त्यांनी १९९४मध्ये तो सुरू केला. युनिक्स या वेगळ्या कार्यप्रणालीवर सोचा यांची कल्पना आणणे दिसते तितके सोपे नव्हते. टर्मिनलवरचा मजकूर कार्यक्रमाला परत वाचता येत नाही, मग कंट्रोल-ओ दाबल्यावर मागचे दाखवायचे कसे? एमसीने स्वतःच्या पोटात खरा शेल (आज्ञा वाचून चालवणारा कार्यक्रम) चालवला. पॅनेल त्या शेलच्या मागोमाग जातात, तळाच्या ओळीत टाइप केलेली आज्ञा त्यालाच मिळते, आणि कंट्रोल-ओने तुम्ही त्याच्यासमोर उभे राहता. लिनक्सच्या कन्सोलसाठी पडदा जपणारा वेगळा छोटा सहायक कार्यक्रमही लिहिला गेला. दुसरी अडचण बाहेर पडतानाची. डॉसमध्ये चालू डिरेक्टरी साऱ्या यंत्राची, म्हणून कमांडर बंद केला की तुम्ही शेवटच्या डिरेक्टरीतच असायचे. युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेची डिरेक्टरी वेगळी, आणि शेलने सुरू केलेल्या एमसीला शेलची डिरेक्टरी बदलता येत नाही. म्हणून एमसीसोबत एक वेष्टनाची स्क्रिप्ट येते. ती शेलच्या सेटिंगमध्ये जोडा, नाहीतर एमसी बंद केल्यावर दर वेळी जुन्याच जागी याल.

ग्नोम या लिनक्सच्या चित्रमय डेस्कटॉपचा पहिला फाइल मॅनेजरही याच एमसीचे चित्रमय रूप होते. २००१मध्ये नॉटिलसने त्याची जागा घेतली, ते रूप गेले. टर्मिनलमधला एमसी राहिला.

म्हणून शिकण्याबद्दल माझे मत: शिका, पण ‘माउसऐवजी’ म्हणून नव्हे. नुसत्या फायली इकडून तिकडे नेण्यापुरता वापरलात तर अर्धाच हाती लागेल. पॅनेलमधून आज्ञेच्या ओळीला नावे देण्याच्या कळा पहिल्या दिवशीच बोटांत बसवा: ऑल्ट-एंटरने पट्ट्याखालचे नाव, कंट्रोल-एक्स आणि मग टी दाबून खूण केलेली सगळी नावे, कंट्रोल-एक्स आणि पी ने चालू पाथ. मग एफ-२चा मेनू स्वतःचा लिहा. त्यात टक्क्याच्या चिन्हानंतर लहान डी लिहिला तर चालू पॅनेलची डिरेक्टरी, मोठा डी लिहिला तर पलीकडची. लहान टी म्हणजे खूण केलेल्या फायली. रोज टाइप कराव्या लागणाऱ्या लांबलचक आज्ञा तिथे एका अक्षरावर येतात.

आणि टर्मिनलने एफ-१० स्वतःच्या मेनूसाठी पळवला तर एस्केप दाबून ० दाबा. बाकीच्या कळांचेही तसेच: एस्केप आणि ५ म्हणजे एफ-५. दूरच्या सर्व्हरवर फंक्शन कळा नीट पोचत नसतील तेव्हाही हेच चालते.