लोगो, पोस्टर आणि छोटी संस्था : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी छोट्या संस्थांच्या लोगो, पत्रकं, पोस्टर वगैरेंबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि तुम्ही मनापासून लिहिलंत. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, की बहुतेक प्रश्न डिझाइन कसं दिसतं यापाशी सुरू होतात आणि डिझाइन झाल्यावर ते रोज वापरणार कोण यापाशी येऊन अडतात. म्हणून त्याच अंगाने प्रश्न निवडलेत.

ताई, आमची प्राण्यांसाठी काम करणारी छोटी संस्था आहे. नवीन लोगो करायला घेतलाय, पण कार्यकारिणीत कोणाला हात हवेत, कोणाला कुत्रा, कोणाला पान, कोणाला हृदय. डिझायनर मुलगी पार वैतागलीय. सगळ्यांचं समाधान होईल असं काही करता येतं का?

नाही येत, आणि करायला जाऊही नका. तुमचा लोगो जगणार कुठे ते आधी बघा, मोबाइलवरच्या प्रोफाइलच्या बारक्या गोलात, पावतीच्या कोपऱ्यात, टी-शर्टच्या छातीवर, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर. एक सेंटिमीटर जागेत हात, कुत्रा, पान आणि हृदय एकमेकांत मिसळतात आणि नुसता डाग उरतो. संस्था काय काय करते ते सगळं लोगोने सांगायची गरजच नसते, ते काम नावाचं, नावाखालच्या ओळीचं आणि पोस्टरवरच्या फोटोचं. लोगोने फक्त पटकन ओळखू यायचं असतं.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या जागतिक संस्थेचा पांडा सगळ्यांना माहितीये. १९६१ साली संस्था सुरू झाली तेव्हा काम सगळ्याच वन्यजीवांचं होतं, पण लोगोत वाघ, हत्ती, पक्षी, मासे असं संमेलन भरवलं नाही, एकच प्राणी घेतला. जेराल्ड वॉटरसन यांनी सुरुवातीची रेखाटनं केली आणि त्यावरून संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पीटर स्कॉट यांनी पहिला लोगो काढला. पांडा निवडण्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं, तो मुळातच काळा-पांढरा असल्यामुळे छपाईचा खर्च वाचणार होता! मला हे फार आवडतं, कारण पैसे कमी आहेत ही अडचण त्यांनी डिझाइनच्या आत घेतली आणि त्यातूनच इतकं ठसठशीत चिन्ह मिळालं.

आता कार्यकारिणीचं काय करायचं. चित्र काढायच्या आधी सगळ्यांनी बसून अर्धं पान लिहा, आपल्याला कोणापर्यंत पोचायचंय, आपल्याला बघून त्या माणसाने काय करावं असं वाटतं, येत्या वर्षात आपलं नाव सगळ्यात जास्त कशावर छापलं जाणार आणि ते छापायला देणारं माणूस कोण. इथे प्रत्येकाला पोटभर बोलू द्या. मग निर्णय दोघांवर सोपवा, त्यांची नावं आधीच ठरवा, आणि बाकीच्यांनी चित्रावर मत द्यायचं नाही हेही तेव्हाच ठरवून टाका. डिझायनरनेही सात-आठ पर्याय दाखवू नयेत, माझ्या मते दोन पुरे, पण दोन्ही पावतीवर, बॅनरवर, गोलात आणि एका रंगात छापून दाखवावेत, कारण स्क्रीनवर मधोमध मोठा करून ठेवलेला कुठलाही लोगो बरा दिसतो. आणि बैठकीत "आवडला का" असं विचारूच नका हो, "पावतीवर नाव वाचता येतंय का" असं विचारा, चर्चा लगेच वेगळी होते.

अजून एक, तुमचा जुना लोगो लोक ओळखत असतील तर नव्याचा हट्ट कशासाठी? बऱ्याच छोट्या संस्थांना नवीन लोगो नकोच असतो, आहे तोच नीट, स्वच्छ रेषेत पुन्हा काढून हवा असतो आणि सगळीकडे एकसारखा वापरायला हवा असतो.

आमच्या मोफत तपासणी केंद्राच्या लोगोत लाल क्रॉस आहे. एक स्वयंसेवक म्हणतो तो वापरता येत नाही. खरंय का?

खरंय, काढून टाका. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे आरोग्यसेवेचं सर्वसाधारण चिन्ह नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धातल्या वैद्यकीय पथकांचं संरक्षक चिन्ह आहे, आणि १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या ५३व्या कलमाने परवानगी नसलेल्या व्यक्ती, संस्था, कंपन्या सगळ्यांनाच ते वापरायला बंदी आहे, त्याची नक्कल वाटेल असं चिन्हसुद्धा चालत नाही. लाल चंद्रकोरीचंही तेच. युद्धात एखाद्या गाडीवर ते चिन्ह दिसलं की अर्थ एकच, हिच्यावर हल्ला करायचा नाही. ते जर दिसेल त्या पाटीवर आलं तर त्याचं वजन कमी होतं आणि त्याची किंमत कोणीतरी जिवाने मोजतं, म्हणून हे मी नुसत्या नियमापोटी सांगत नाहीये. प्रथमोपचाराची जागा दाखवायला हिरव्यावर पांढरा क्रॉस हे आंतरराष्ट्रीय सुरक्षाचिन्ह आहे, ते पाटीवर वापरा. लोगोत मात्र क्रॉस नसला तरी काही बिघडत नाही, नाव ठळक आणि वाचता येईल असं असलं की झालं.

स्क्रीनवर आमचा केशरी इतका झळझळीत दिसतो आणि छापून आला की मातकट. प्रिंटरची चूक का?

बहुतेक वेळा नाही. स्क्रीन प्रकाशातून रंग बनवते, लाल-हिरवा-निळा, म्हणजे आरजीबी. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकमेकींवर बसतात, म्हणजे सीएमवायके. झळझळीत केशरी, पोपटी, चमकदार निळा असे काही रंग स्क्रीनवर होतात पण त्या चार शायांमधून निघतच नाहीत. त्यामुळे रंग ठरवतानाच छापून बघा आणि छापलेला आवडला तर तो घ्या. तोच रंग चकचकीत कागदावर उठतो आणि साध्या, शाई पिणाऱ्या कागदावर दबतो, हेही धरून चाला. रंग हुबेहूब तोच हवा असेल तर पँटोनसारख्या पद्धतीतली तयार शाई वेगळी वापरता येते पण तो खर्च प्रत्येक वेळी छोट्या संस्थेला झेपत नाही, मग चार शायांत नीट येणारा रंग निवडणं हेच शहाणपणाचं.

ठरलेल्या रंगाचे आरजीबी आणि सीएमवायके दोन्ही आकडे एका जागी लिहून ठेवा, "आपला केशरी" असं तोंडी सांगून पाच ठिकाणी पाच केशरी होतात. आणि केशरीवर पांढरी बारीक अक्षरं टाकू नका. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमावलीत नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो, झळझळीत केशरीवरचा पांढरा मजकूर त्यात बसत नाही. ऑनलाइन कॉन्ट्रास्ट तपासायची साधनं फुकट आहेत, वापरा. तुमच्या वाचकांत चष्मेवाले असणार, उन्हात उभं राहून मोबाइल बघणारे असणार.

ताई, मी डिझाइनची विद्यार्थिनी आहे. एका संस्थेला मनापासून लोगो करून दिला, सोबत लोगो कसा वापरायचा ते सांगणारं छान चाळीस पानी गाइडही दिलं. दोन महिन्यांत त्यांनी लोगो ताणला, सावली टाकली, रंग बदलला. मला खूप वाईट वाटलं. मी काय करायला हवं होतं?

वाईट वाटणारच, तू जीव ओतून केलं होतंस. पण ते पोस्टर बनवणाऱ्या माणसाचा जरा विचार कर. तो बहुधा दिवसभर दुसरी नोकरी करून रात्री संस्थेचं काम करतो, उद्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर आत्ता हवंय, हाताशी फक्त वर्ड नाहीतर मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप, आणि लोगो म्हणून त्याला सापडते कुठल्यातरी ग्रुपवरून चार वेळा फॉरवर्ड झालेली धुरकट जेपीजी, तीही पांढऱ्या चौकोनासकट. त्याने ताणला कारण जागेत बसत नव्हता, सावली टाकली कारण गडद फोटोवर दिसत नव्हता. चाळीस पानं त्याने उघडलीच नसणार.

म्हणजे तुझा खरा वापरकर्ता तो आहे, त्याच्यासाठी डिझाइन कर. आडवा लोगो दे, उभा दे, नुसतं चिन्ह दे, आणि गडद पार्श्वभूमीसाठी पांढरा लोगो आधीच करून दे, म्हणजे सावलीची वेळच येणार नाही. छापणाऱ्यासाठी पीडीएफ आणि एसव्हीजी, कारण या वेक्टर फाइल कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत, आणि रोजच्या वापराला पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. फाइलींची नावं माणसाला कळतील अशी ठेव, "गडद-फोटोवर-वापरा", "छपाईसाठी", "प्रोफाइल-फोटो". गाइड एकच पान, भिंतीला चिकटवता येईल असं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेम्प्लेट, म्हणजे नुसता मजकूर बदलून वापरता येईल असा तयार साचा, आणि ते तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, त्यांच्याकडे जे आहे त्यात!

मासिमो व्हिन्येली या डिझायनरचं एक काम जरूर बघ. १९७७ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसबरोबर युनिग्रिड नावाची पद्धत बसवली. प्रत्येक उद्यानाचं माहितीपत्रक वेगळं, पण वर काळी पट्टी, त्यात पांढऱ्या अक्षरात नाव, खाली ठरलेली ग्रिड (मजकूर-फोटो बसवायची आखणी) आणि कागदाचे ठरलेले आकार. दर वेळी सगळं नव्याने ठरवायचं काम संपलं, कागदही वाया जायचा थांबला. ती पत्रकं आजही त्याच वळणाची निघतात. नीट पाहिलंस तर तिथे ओळख चिन्हात कमी आणि त्या पट्टीत जास्त आहे. छोट्या संस्थेला असं काहीतरी दे, एक पट्टी, एक फॉन्ट, दोन रंग, ठरलेली जागा. मग लोगो जरासा चुकला तरी पोस्टर त्यांचंच वाटेल.

आणि काम फुकट केलं असलंस तरी लेखी काही केलंयस का? नसेल तर पुढच्या वेळी एका पानावर लिहून घे, काय काय देणार, बदलांच्या किती फेऱ्या, निर्णय कोण देणार, हक्क कोणाचे, तुझ्या पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी. हक्कांचा कायदा देशागणिक वेगळा असतो म्हणूनच लिहिलेलं बरं. फुकटच्या कामातच बदलांना अंत राहत नाही.

आमच्या पोस्टरवर क्यूआर कोड टाकला होता, आता लोक म्हणतात चालत नाही. कोड खराब होतो का?

कोड खराब होत नाही, बहुधा त्यामागचा पत्ता बंद पडलाय. काही सेवांचा क्यूआर थेट तुमच्या पानावर नेत नाही, आधी त्यांच्या लिंकवर नेतो आणि तिथून पुढे पाठवतो. वर्गणी संपली, चाचणीची मुदत संपली की मधली लिंक मरते आणि भिंतीवरची सगळी पोस्टरं मुकी होतात. स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्याचा साधा, स्थिर कोड बनवा, पुढे काही बदलायचं असेल तर आपल्याच वेबसाइटवर बदला. पत्ता छोटा ठेवा म्हणजे कोडमधल्या बारक्या चौकटी कमी होतात आणि कोड पटकन वाचला जातो. कोडभोवती चार चौकटींएवढी मोकळी जागा लागतेच, तिथे फुलं-वेली नकोत. आकाराचा ढोबळ हिशेब अंतराच्या दहाव्या भागाचा, म्हणजे दोन मीटरवरून स्कॅन करायचा तर वीस सेंटिमीटरचा कोड. आणि खाली फोन नंबर आकड्यांत छापाच, सगळे स्कॅन करत नाहीत.

पोस्टरचा फोटो तुम्ही सोबत पाठवलाय म्हणून सांगते, त्यात काय, कधी, कुठे हे शोधावं लागतंय. प्रायोजकांचे लोगो तारखेपेक्षा मोठे आहेत. तारीख आणि जागा मोठी करा, अध्यक्षांचं मनोगत पत्रकात जाऊ द्या. फोटोही फुटलाय, ए-फोर आकारात ३०० डीपीआयने (दर इंचात ३०० ठिपके) छापायचं तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा फोटो लागतो, आणि चॅटवरून फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवत जा.

नाव देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे हवंय. एकाच लोगोत बसवू का?

रोज दोन्ही एकत्र लागतातच असं नाही. त्यामुळे तीन रूपं करा, फक्त देवनागरी, फक्त रोमन (म्हणजे इंग्रजी अक्षरं) आणि दोन्ही. पॉइंट साइज सारखा ठेवला म्हणजे दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतील असं नाही, ते नजरेनेच जुळवावं लागतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकारांना जागा हवी, रोमनच्या मापाने ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षरं लांब लांब टाकायची फॅशन रोमनला शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुटते, ते करू नका. मराठी वळणाचा ल आणि श येतोय का तेही पाहा, बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण समोर येतं.

फॉन्ट युनिकोडच, म्हणजे सगळीकडे सारखाच वाचला जाणारा घ्या, जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर पेस्ट केला की अगम्य चिन्हं होतात. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे आहेत, पोस्टरपासून टी-शर्टपर्यंत बिनदिक्कत वापरता येतात. छापायला देताना मजकूर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून द्या नाहीतर समोरच्या मशीनवर रफार आणि जोडाक्षरं सुटी होतात, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग) ठेवा, आणि आउटलाइन न केलेली मूळ फाइल वेगळी सांभाळा, पुढच्या वर्षी तारीख बदलायला तीच लागणार आहे.