कागोशिमाच्या आजीसाठी काय न्यावं?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी पुढच्या महिन्यात शाळेच्या एक्स्चेंजमधून दहा दिवस जपानला जातेय, कागोशिमाला एका कुटुंबात राहणार आहे. घरात आजी, आईवडील आणि दोन मुलगे आहेत, एक सहा वर्षांचा, एक नऊ. सासूबाई म्हणतात पितळेचा गणपती दे, आमचे हे म्हणतात दोन किलो काजू दे आणि मोकळी हो, आणि लेक म्हणते तू काही करूच नको मी एअरपोर्टवर चॉकलेट घेईन. मला मात्र राहवत नाही, दहा दिवस माझ्या पोरीला करून घालणार आहे ती बाई, तिला काहीतरी मनापासूनचं जायला हवं ना? बजेट दोन-अडीच हजार, बॅगेत जागा कमी. काय देऊ?
— एक आई, फोंडा

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचलं आणि मला माझी समई आठवली. मी पहिल्यांदा जपानला गेले तेव्हा आईने हौसेने म्हापशाच्या बाजारातनं चांगली जड पितळी समई घेऊन दिली होती. त्या घरच्या काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कितीतरी वेळा वाकून आभार मानले आणि आठवडाभरात मला एक भारीतली रेशमी पर्स आणून दिली. मी तेव्हा खूश झाले, नंतर कळलं की तिकडे भेट आली की परतभेट जायलाच हवी, तिला ओकाएशी म्हणतात, आणि लग्नकार्यातल्या आहेराला तर साधारण निम्म्या किमतीची परतभेट द्यायचा रिवाजच आहे. म्हणजे आपल्याकडच्या परतीच्या आहेरासारखंच, फक्त त्यांच्याकडे फार काटेकोर. माझ्या समईने त्या काकूंना खर्चात टाकलं आणि वर ती ठेवायला त्यांच्या छोट्या घरात जागाही नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुमचं दोन-अडीच हजारांचं बजेट भरपूर आहे, उलट थोडं कमीच करा.

सासूबाईंना सांगा की गणपती जपानला हजार वर्षांपूर्वीच पोचलाय, तिथे त्याला कांगितेन म्हणतात, पण त्याच्या मूर्ती बहुतेक देवळांत बंद दाराआड ठेवतात, सगळ्यांना दाखवत नाहीत. भारतातला गणपती म्हणून ते कौतुकाने घेतीलही, पण दुसऱ्याच्या घरात आपण देव नेऊन ठेवायचा आणि मग त्यांनी विचार करत बसायचं की याचं काय करायचं, याची पूजा करायची की शोकेसमध्ये ठेवायचा, हे मला पटत नाही.

मी तुमच्या जागी असते तर खाजं दिलं असतं. हो, आपलं जत्रेतलं खाजं! आपल्याला ते इतकं रोजचं वाटतं की भेट म्हणून सुचतच नाही, पण बघा, बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गूळ आणि आलं, आणि जपानमध्ये कारिंतो नावाचा खाऊ असतो तो म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्यांवर काळ्या साखरेचा थर. आजींनी पहिला तुकडा तोंडात घातला की त्यांना काहीतरी ओळखीचं लागेल आणि मग आल्याचा झटका येईल तो मात्र गोव्याचा. शिवाय कोरडं आहे, दहाबारा दिवस टिकतं, जीआय मानांकन, म्हणजे हा पदार्थ इथलाच अशी सरकारी ओळख, मिळालेलं आहे, आणि महाग अजिबात नाही. फक्त निघायच्या दोनतीन दिवस आधी ओळखीच्या खाजेकाराकडून ताजं घ्या, पावसाची हवा असेल तर लगेच हवाबंद डब्यात भरा नाहीतर मऊ पडतं. आणि एक काम मुद्दाम करा, थोडं थोडं करून छोट्या पाकिटांत भरा. जपानी लोकांना खाऊ एकेक वेगळा गुंडाळलेला आवडतो, कारण तो वाटता येतो. किती पाकिटं? माणसं पाच आहेत म्हणून पाच किंवा दहा करा, चार आणि नऊ नको. चारचा उच्चार ‘शी’ होतो आणि मृत्यूचाही ‘शी’, नऊचा ‘कु’ आणि दुःखाचाही ‘कु’. आजच्या पोरांना फरक पडत नसेल पण घरात आजी आहे, आपण सांभाळलेलं बरं.

गुंडाळायला चकचकीत गिफ्टपेपर आणू नका. कुणबी साडीची ती लाल चौकडी असते ना, तसल्या सुती कापडाचा एक चौकोनी तुकडा घ्या, कडा शिवून घ्या आणि डबा त्यात बांधा. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू बांधून न्यायची जुनी पद्धत आहे, त्या कापडाला फुरोशिकी म्हणतात, त्यामुळे तुमचं गाठोडं बघून त्यांना आधी त्यांचं वाटेल आणि मग चौकडी बघून विचारतील की हे कुठलं. पूर्वी देणारा माणूस फुरोशिकी सोडून परत घेऊन जायचा, म्हणून लेकीला सांगा की कापडपण तुमच्यासाठीच आहे हे बोलून दाखव.

मुलांसाठी दोन लाकडी भोवरे दोऱ्यांसकट. त्यांच्याकडेही भोवरा आहे, कोमा म्हणतात, नवीन वर्षाला खेळायचा खेळ. मात्र लेकीला स्वतःला फिरवता आला पाहिजे हो, नाहीतर तिकडे जाऊन दोरा हातात घेऊन उभी राहील, आत्तापासून अंगणात सराव करायला लावा!

आता कागोशिमा. हे नाव वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले. ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 साली जपानला पोचले ते कागोशिमालाच, आणि त्यांना तिकडे घेऊन जाणारा आंजिरो हा तिथलाच माणूस, तो आधी इथे जुने गोव्याला सेंट पॉल कॉलेजात शिकला होता, 1548 मध्ये त्याचा बाप्तिस्माही इथेच झाला. त्या कॉलेजची नुसती कमान उरलीय, आपण त्या रस्त्याने किती वेळा जातो आणि बघतही नाही. कागोशिमात झेवियरच्या नावाची बाग आहे, चर्च आहे, त्यांना हे नाव शाळेपासून माहीत असणार. तर एका रविवारी लेकीला घेऊन जुने गोव्याला जा, त्या कमानीचा आणि बॉम जेझू चर्चचा फोटो तिलाच काढू दे, पोस्टकार्डाएवढा प्रिंट करा, मागे तिने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात की तुमच्या गावातून आलेला माणूस इथे शिकला आणि मी इथून तुमच्या गावी आले. याला पन्नास रुपयेसुद्धा लागणार नाहीत आणि दुसरं कोणी त्यांना हे देऊ शकणार नाही. जेवणाच्या टेबलावर गप्पांनाही विषय होईल, की तेही ब्रेडला ‘पान’ म्हणतात आणि आपण पाव म्हणतो, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले.

न्यायचं नाही ते सांगते. मानकुराद आंबा किंवा कुठलंही ताजं फळ नको, सर्टिफिकेटशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात. गोव्याचे सॉसेज तर अजिबात नकोत, मांसाच्या पदार्थांबाबत तिकडचा कायदा फार कडक आहे. सुरी, कात्री नको, संबंध कापायचा अर्थ होतो. एअरपोर्टचं चॉकलेट वाईट नाही, पण ते कुठल्याही देशातलं कोणीही देऊ शकतं. आणि काजू द्यायचेच असतील तर भाजलेले, सीलबंद, पाव किलो पुष्कळ झाले, दोन किलो कोण खाणार?

देताना दारात घाईने हातात कोंबायचं नाही. आत जाऊन बसल्यावर, पिशवीतून बाहेर काढून, दोन्ही हातांनी, आणि तोंडाने ‘ओसेवा नि नारिमासु’, म्हणजे आता मी तुमच्या आधाराने राहणार. एवढं एक वाक्य पाठ असलं तरी पुरे. लगेच उघडलं नाही तर लेकीने मनाला लावून घेऊ नये, पाहुण्यासमोर न उघडण्याची तिथे रीतच आहे. आणि समजा आजींनी डबा उचलून आतल्या खोलीत नेला तरी गैरसमज नको. बऱ्याच घरांत पूर्वजांसाठी छोटं देवघर असतं, बुत्सुदान म्हणतात त्याला, घरात आलेला खाऊ आधी तिथे ठेवतात आणि मग सगळे खातात. आपण नैवेद्य दाखवतो तसंच. हे आधीच माहीत असलं तर तिला किती बरं वाटेल बघा.

प्रश्न : ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी तोक्योला जातोय, साहेबांना काजूची फेणी नेली तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : चालेल, फेणीला 2009 पासून जीआय आहे, गोव्याची म्हणून अभिमानाने द्या. वीस वर्षांवरच्या माणसाला प्रत्येकी 760 मिलीच्या तीन बाटल्यांपर्यंत ड्युटी लागत नाही. बाटली चेक-इन बॅगेत ठेवा, कपड्यांत नीट गुंडाळून, फुटली तर सगळी बॅग वासाने भरेल. साहेब पितात की नाही ते आधी कोणाला तरी विचारून घ्या, आणि वास उग्र असतो, सोडा-लिंबाबरोबर घ्या असं एका चिठ्ठीवर लिहून द्या. पण एकट्या साहेबांना देऊन बाकीच्यांना काहीच नाही असं करू नका हो. तिकडे बाहेरगावाहून येणारा सगळ्या ऑफिससाठी खाऊ आणतो, ओमियागे म्हणतात त्याला. त्या सेक्शनमध्ये माणसं किती ते ईमेल करून विचारा आणि तेवढी भाजलेल्या काजूंची छोटी पाकिटं न्या, वर दोनतीन जास्तीची, कारण बाजूच्या टेबलावरचा माणूस मोजायचा राहून जातोच.